गुंजीचा खोळंबा

खानापूर सोडून लोंढ्याकडे निघालेली गाडी गुंजीला थांबली की डब्यातला नवखा प्रवासी खिडकीतून डोके बाहेर काढून विचारी, ‘‘काय झाले हो?’’ आणि जाणता प्रवासी वर्तमानपत्रातून डोके बाहेर न काढता उत्तर देई, ‘‘क्रॉसिंग.’’ एवढ्या एका शब्दात सारे आले. समोरून गाडी येत आहे, ती येईपर्यंत आपली जाणार नाही, आणि ती केव्हा येईल हे स्टेशन मास्तरांखेरीज कोणीही सांगू शकणार नाही. मग लोक खाली उतरत, नळावर तोंड धूत, पलीकडची झाडी न्याहाळीत. शेंगदाणे विकणाऱ्या मावशींचा धंदा त्या खोळंब्यावरच चाले. आमचे बालपण या स्थानकाच्या आसपास गेले, आणि ‘थांबणे’ या क्रियापदाचा अर्थ आम्ही व्याकरणात शिकण्यापूर्वी गुंजीच्या फलाटावर शिकलो.

त्या वेळी एकेरी मार्ग होता. एकेरी मार्गाचा नियम मोठा साधा आणि मोठा कठोर असतो : दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. तो पाळला जावा म्हणून ‘टोकन’ असे. दोन्ही स्थानकांत परस्परांना तारेने जोडलेली यंत्रे. दोन्हीकडच्या मास्तरांनी ठरल्याप्रमाणे संकेत दिल्याखेरीज यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असेतो दुसरा निघत नसे. तो गोळा चामडी पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवीत आणि ड्रायव्हरच्या हाती देत. ज्याच्या हाती गोळा, त्याचा मार्ग. आम्ही पोरे त्या कड्याकडे राजदंडाकडे पाहावे तसे पाहत असू.

पुढे शिक्षकी पेशात आल्यावर एकदा आम्ही सातवीच्या वर्गाला यावरच गणित घातले. समजा, एका एकेरी मार्गावर तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा ओलांडायला गाडीला दहा मिनिटे लागतात, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला पंचवीस. आणि प्रत्येक वेळी टोकन-सिग्नलात पाच मिनिटे जातात. तर दिवसभरात जाणाऱ्या आणि येणाऱ्या मिळून जास्तीत जास्त किती गाड्या? बहुतेकांनी तिन्ही टप्प्यांची बेरीज केली, सरासरी काढली. एकाच मुलाने फक्त तिसरा टप्पा धरला. पंचवीस आणि पाच तीस मिनिटे, म्हणजे तासाला दोन, दिवसाला अठ्ठेचाळीस. उत्तर बरोबर होते. पहिला टप्पा दहाऐवजी पाच मिनिटांवर आणला तरी अठ्ठेचाळीसच, आणि तेथे दोन रूळ टाकले तरी अठ्ठेचाळीसच. साऱ्या मार्गाची ताकद त्याच्या सर्वांत अडचणीच्या टप्प्याएवढी असते. बाकीचे टप्पे कितीही प्रशस्त असोत, ते फक्त थांबायला अधिक जागा देतात.

आपल्या भाषेला हे तत्त्व नवे नाही. ‘घोडे कोठे पेंड खाते’ हे पाहायला आपले वाडवडील सांगत, ते याच अर्थाने. ‘खिंडीत गाठणे’ म्हणजे काय, हे तर महाराष्ट्राबाहेर चार पिढ्या काढलेल्या मराठी घरातही समजावून द्यावे लागत नाही. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे शिवाजी महाराज निघाले असता बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली. पाठलागावरचे सैन्य कितीही मोठे असले, तरी खिंडीच्या तोंडाशी एका वेळी जेवढे समोर उभे राहू शकतील तेवढेच लढू शकतात. बाकीचे केवळ गर्दी. जेथे सह्याद्रीने वाट चिंचोळी केली, तेथे मूठभरांनी सैन्य थोपविले. तीच खिंड शत्रूसाठी संकट आणि आपल्यासाठी आधार झाली. चिंचोळी वाट जात्या वाईट नसते, हा मुद्दा आम्हाला पुढे लागणार आहे.

गुंजीकडे परत येऊ. लोंढा-बेळगाव-घटप्रभा या मार्गाचे दुपदरीकरण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी बेळगावात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. आता गुंजीला क्रॉसिंगसाठी तासन्‌तास उभे राहण्याचे कारण उरले नाही. आम्हाला आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर किंचित चुटपुटही लागली. परंतु ज्यांना वाटले की आता वास्कोपर्यंतचा प्रवास सुसाट होणार, त्यांचा थोड्याच दिवसांत भ्रमनिरास झाला. कारण खोळंबा नाहीसा झाला नव्हता; तो गुंजीहून उठून घाटाच्या माथ्यावर जाऊन बसला होता.

कॅसलरॉक ते कुळे हा घाट १८८० च्या दशकात बांधला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानातील मीटर गेज मार्ग आणि पोर्तुगीज अमलाखालील मुरगाव बंदर यांना जोडणारा हा दुवा. साधारण पंचवीस किलोमीटरचा उतार, आणि चढण सदतिसास एक. म्हणजे सदतीस पावले पुढे गेल्यावर एक पाऊल वर. चालणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही, पण हजारो टनांच्या मालगाडीला तो कडाच. मुरगावला उतरलेला कोळसा वर आणायचा तर मागूनही इंजिने लावून गाडी रेटावी लागते. उतरताना ब्रेकांवर भरवसा ठेवून गोगलगाईच्या गतीने उतरावे लागते. मधे करंझोळ, दूधसागर, सोनावली अशी दरीच्या काठावर टेकलेली स्थानके. धबधबा पाहून प्रवासी हरखतात. गाडी सावकाश जाते हे त्यांना बरेच वाटते. पण हाच तो ‘तिसरा टप्पा’. पावसाळ्यात दरड आली, वा ९ ऑगस्ट २०२४ रोजी झाले तसे सोनावली-दूधसागर दरम्यान मालगाडीचे डबे घसरले, की लोंढ्यापासून वास्कोपर्यंत सारेच ठप्प. दुसरी वाट नाही.

मग तेथेही दुसरा रूळ का टाकू नये? हा प्रश्न सोपा दिसतो. सरकारने तसे योजिले होते. परंतु तो मार्ग भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या रानातून जातो. २०२० पासून गोव्यात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या घाटातील दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. आमच्या ओळखीचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी या निर्णयावर नाराज आहेत, आम्ही नाही. आमच्या मते काही चिंचोळ्या वाटा चिंचोळ्याच राहिलेल्या बऱ्या. त्यांच्या दोहों बाजूंना काय आहे हे पाहून मगच पहारीला हात घालावा. त्या गृहस्थांशी आमचा यावर पुष्कळ वाद झालेला आहे व पुढेही होईल.

या मार्गाने आणखी दोन प्रकारचे खोळंबे पाहिलेले आहेत, ते वयस्क वाचकांना आठवतील. पहिला राजकीय. पोर्तुगीज काळात कॅसलरॉक हे सीमेवरचे ठाणे. जकातीची तपासणी तेथे व्हायची. १९५५ मध्ये गोवा सत्याग्रहानंतर ही वाहतूकच बंद झाली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरच पुन्हा सुरू होऊ शकली. त्या सहा-सात वर्षांत घाटाची लांबी-रुंदी एका इंचानेही बदलली नव्हती. बदलली होती ती फक्त मर्जी.

दुसरा खोळंबा मिरजेचा. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला, पण मिरजेच्या दक्षिणेकडचा आमचा मार्ग अरुंदच राहिला. तो रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. मधली वीस-पंचवीस वर्षे पुण्या-मुंबईला जाणारे प्रत्येक बेळगावकर कुटुंब मिरजेला उतरे. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, लोणच्याच्या बरण्या, पेंगुळलेली पोरे असा सारा संसार एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर. आमच्या आत्याबाई लग्नानंतर ठाण्याला गेल्या. माहेरपणाच्या त्यांच्या साऱ्या आठवणी मिरजेला काय हरवले याच्याच आहेत. माणसे निदान स्वतः चालत जातात. मालाचे तसे नाही. अरुंद डब्यातली पोती उतरवून रुंद डब्यात भरावी लागत. उत्तरेचा मार्ग उत्तम, दक्षिणेचा मार्ग ठीक, आणि दोहोंच्या सांध्यावर कोंडी. हल्ली आम्ही ज्या अडचणी पाहतो त्यांतील निम्म्या अशा सांध्यांवरच्याच असतात. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात जाताना होतो, तोही मिरजेचाच खोळंबा.

रस्त्याचे म्हणाल तर बेळगाव-पणजी महामार्ग आमच्याच भागातून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ अ होता, आता ७४८ आहे. बेळगाव ते खानापूर भाग रुंद झाला. पुढे रामनगरकडचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. रुंद भागातून वेगाने आलेली वाहने अरुंद भागाच्या तोंडाशी एकमेकांवर येऊन आदळू लागली. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात रस्त्याची कड खचली आणि अवजड वाहने बंद करावी लागली, तेव्हा तीच वाहने इतर वाटांनी वळली आणि त्या वाटाही कोंदल्या.

येथे पुन्हा थोडे गणित करू. वाचकांनी कंटाळू नये. एका अरुंद पुलावरून मिनिटाला दहा वाहने जाऊ शकतात. सकाळी तासभर मिनिटाला बारा वाहने येत आहेत. जादा किती? फक्त दोन. पण तासाच्या अखेरीस रांगेत एकशे वीस वाहने उभी असतात. मग गर्दी ओसरली, मिनिटाला आठच वाहने येऊ लागली, तरी रांग मिनिटाला दोनच्या हिशोबानेच कमी होणार. म्हणजे ती संपायला आणखी एक तास. या दुसऱ्या तासात जो मनुष्य रांगेत शिरतो त्याला कोंडीचे काहीच कारण दिसत नाही, आणि तो पोलिसाला, सरकारला, पुढच्या ट्रकवाल्याला दूषणे देतो. कारण तासापूर्वीच येऊन गेलेले असते.

अशाच एका दुसऱ्या तासात आम्ही सापडलो होतो. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या आजींना पहाटे पक्षाघाताचा झटका आला. तालुक्याच्या गावी प्रथमोपचार झाले. पुढची तपासणी बेळगावलाच, असे सांगण्यात आले. आमच्या साऱ्या तालुक्याची आजारी माणसे शेवटी त्याच एका दिशेने जातात. त्यांच्या मुलाने गाडी काढली, आम्ही सोबत बसलो. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. त्यातले पहिले वीस-बावीस आम्ही अर्ध्या तासात तोडले. आणि शहराच्या तोंडाशी रेल्वेचे फाटक पडलेले. एक मालगाडी गेली. फाटक उघडते तोच दोन्ही बाजूंची वाहने दोन्ही बाजूंचा रस्ता अडवून उभी, कारण फाटक बंद असताना प्रत्येकाने पुढे घुसून रिकामी दिसणारी समोरची बाजूही व्यापली होती. इकडचे तिकडे जाऊ शकेनात, तिकडचे इकडे येऊ शकेनात. तेवढ्यात पुन्हा फाटक पडले. शेवटच्या तीन किलोमीटरांना पन्नास मिनिटे लागली. आजी जगल्या, नातवाच्या लग्नात खुर्चीवर बसून अक्षताही टाकल्या; पण डाव्या हाताने. उजवा हात गेला तो गेलाच. तो त्या फाटकाशी गेला की घरीच गेला होता, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. बेळगावात आता उड्डाणपूल झाले आहेत. ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’, ‘तिसरे गेट’ ही पत्ता सांगण्याची नावे मात्र लोकांच्या तोंडी अजून आहेत.

त्या दिवसापासून आम्हाला एक खोडच जडली. जेथे जाऊ तेथे घोडे कोठे पेंड खात आहे ते पाहायचे. सुरुवात अर्थात शाळेतच केली, आणि पहिल्याच प्रयत्नात आम्ही तोंडघशी पडलो, तेही सांगितले पाहिजे.

आमची सरकारी मराठी शाळा. अक्षर दासोह योजनेतून मुलांना दुपारचे गरम जेवण मिळते. पट त्या वर्षी एकशे ऐंशी. जेवणाच्या सुट्टीचा बराच भाग रांगेत जाई आणि शेवटची मुले घंटा झाल्यावरही घास गिळत असत. आम्ही ठरविले की वाढणाऱ्या बायका दोनच आहेत, हीच अडचण. स्वयंपाकातून आणखी एकीला वाढायला आणले. आठवडाभर पाहिले, काडीचा फरक नाही. शेवटी सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘गुरुजी, वाढणाऱ्या मावश्या रिकाम्याच उभ्या आहेत. सगळी पोरं नळापाशी आहेत.’’ आम्ही घड्याळ घेऊन नळापाशी उभे राहिलो. तोट्या दोन. एका मुलाला ताट विसळायला वीस सेकंद. म्हणजे मिनिटाला सहा मुले, आणि एकशे ऐंशींना अर्धा तास. आम्ही भाताच्या पातेल्याकडे पाहत होतो आणि कोंडी पाण्यात होती! पालकांनी नळ आणि चार तोट्या आणून बसविल्या. दहा-बारा मिनिटांत पंगत बसू लागली.

एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘द गोल’ नावाची एक कादंबरी कारखानदारीवर लिहिली. तिच्यात एक मनुष्य मुलांची पायी सहल नेतो. सर्वांत मंद चालणारा मुलगा मधे असतो, म्हणून पुढचे पुढे निघून जातात आणि मागचे त्याच्या पाठीशी साचतात. तो मनुष्य त्या मुलाला सर्वांच्या पुढे ठेवतो आणि त्याच्या पाठीवरचे ओझे इतरांत वाटतो. हे पुस्तक आमच्या हाती फार उशिरा आले. सहावीतल्या मुलीने ते वाचलेले नव्हते.

पंगतीचा विषय वेळेचा होता. परंतु चिंचोळ्या जागा जीवही घेतात, आणि मुख्याध्यापकाला झोप न येण्याचे खरे कारण ते असते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत डोंगरावरच्या अरुंद पायवाटेवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसामुळे लोक जिन्यात थांबले, मागून गाड्यांतून उतरलेली गर्दी येतच राहिली, आणि २३ जण दगावले. आणि १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमला एका शाळेला आग लागून ९४ मुले गेली. तेथेही बाहेर पडायचा जिना अरुंद होता. हा शेवटचा आकडा आम्ही कधी विसरलो नाही. तो आमच्या पटाच्या निम्म्याहून अधिक आहे.

गर्दी दाराशी कशी अडते हे समजायला शेतकऱ्याचे पोर असावे. आमच्या भागात भात कुरीने पेरतात. कुरीवर चाडे असते. त्यात ओंजळीने एकदम बी ओतले तर दाणे एकमेकांना टेकून भोकावर कमान धरतात आणि एकही दाणा खाली जात नाही. पेरणारा मूठ चाड्यावर धरतो आणि बोटांतून बी बेताने सोडतो. चाड्याचे भोक तेच, पण बी अखंड पडत राहते. दारातून एकदम पळू पाहणारी माणसेही खांद्याला खांदा लावून अशीच कमान धरतात. घाई वाढली की बाहेर पडणाऱ्यांची संख्या घटते, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पुढे प्रयोगांनी दाखविली. माउलीच्या देवळात यात्रेच्या दिवशी रांगेला दोर लावतात, तीही चाड्यावरची मूठच.

आम्ही सभागृहात सातवीची व सहावीची बासष्ट मुले बसविली. दार एक, दुफळी. एका फळीला वरून कायमची खिट्टी, कारण ‘नेहमी तशीच असते’. पहिल्यांदा सांगितले, ‘‘आग लागली असे समजा आणि पळा.’’ एक मिनिट आणि वीस सेकंद लागली. दोन चपला तुटल्या आणि एक मुलगी रडली. दुसऱ्यांदा तेच दार, तीच एक फळी, पण ओळीने, भराभर, धक्का न देता. पंचावन्न सेकंद. तिसऱ्यांदा खिट्टी काढली. तेहतीस सेकंद. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही मात्र त्या खिट्टीकडे पाहत राहिलो. ती आमच्याच कारकिर्दीत नऊ वर्षे तशी होती.

मागच्या भिंतीला दुसरे दार हवे, असा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात केला. सरकारी इमारतीची भिंत मुख्याध्यापकाला फोडता येत नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, तेथून तिसऱ्यावर; आणि एका टेबलावर, जेथे सही करणारा एकच आणि कागद पाच कार्यालयांचे, तेथे तो अकरा महिने थांबला. आम्ही चौकशीला गेलो की तेथला मनुष्य समोरची चळत दाखवी. त्याच्यावर रागावणे आम्हाला जमले नाही. तो बिचारा दोन तोट्यांचा नळ होता.

दार गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पडले. गवंडी गावचाच, चौकट फणसाच्या लाकडाची, एका पालकाने दिलेली. दार बाहेरच्या बाजूला उघडते. दर शनिवारी प्रार्थनेनंतर सातवीतली दोन मुले दोन्ही दारांच्या चारही फळ्या उघडून पाहतात आणि वहीत तशी नोंद करून आमची सही घेतात. गेल्या शनिवारी आम्ही रजेवर होतो, तेव्हा नोंद सहीवाचून राहिली. सोमवारी ती मुले वही घेऊन दाराशी उभी होती.